परमुलखातील रुजवात

खिशातील भ्रमणध्वनी चालू केल्यापासून पडद्यावर कंपनीचे नाव उमटेपर्यंत जे काही क्षण जातात, त्या अवधीत यंत्राला तीन प्रश्नांचा निकाल लावावा लागतो: आसमंतात कोणकोणत्या कंपन्यांची केंद्रे कोणत्या लहरींवर बोलत आहेत, त्यांपैकी कोणाच्या दप्तरी रुजू होण्याची आपणास मुभा आहे, आणि अशी केंद्रे अनेक असल्यास अग्रमान कोणाचा. या प्रश्नांची उत्तरे यंत्र स्वबुद्धीने देत नाही; ती त्याच्या पोटातील एका यादीत आधीच लिहिलेली असतात. ही यादी मात्र चिरस्थायी नसते, कारण कंपन्या विकल्या जातात, परस्परांतील करार संपतात, लहरींची नवी पट्टी लिलावात निघते, आणि काल अचूक असलेली नोंद आज यंत्राला भलत्याच दारी उभी करते. ती वेळोवेळी ताजी कोणी करावयाची, या साध्या प्रश्नाभोवती गेल्या चाळीस वर्षांचा एक इतिहास उभा आहे, आणि माझ्या मते तो मुख्यतः अधिकार हस्तांतरित होत गेल्याचा इतिहास आहे.

अमेरिकेत 13 ऑक्टोबर 1983 रोजी शिकागो येथे व्यापारी भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली, तेव्हा यादी म्हणण्याजोगे काही नव्हतेच. तेथील सरकारी दळणवळण आयोगाने सर्व देशाचे 734 विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात दोनच सनदा द्याव्यात, एक स्थानिक तारेच्या दूरध्वनी कंपनीस आणि दुसरी तिच्या प्रतिस्पर्ध्यास, असा दंडक घातला. प्रत्येक व्यवस्थेस एक क्रमांक मिळाला, एका पक्षास विषम तर दुसऱ्यास सम, आणि यंत्र विकणारा दुकानदार ग्राहकाच्या कंपनीचा क्रमांक यंत्राच्या स्मृतीत भरून देऊ लागला. केंद्र सतत उच्चारीत असलेला क्रमांक स्मृतीतील क्रमांकाशी जुळला की यंत्र स्वगृही आहे असे ठरे. न जुळल्यास रोमिंगचा दिवा लागे, आणि पुढचा व्याप मालकाच्या माथी येई. परगावी गेलेल्या गृहस्थास फोन करू इच्छिणाऱ्याने तो कोणत्या शहरी आहे हे आधी ठाऊक करून घ्यावयाचे, त्या शहरातील व्यवस्थेचा प्रवेश-क्रमांक फिरवावयाचा, दुसरा सूर ऐकू येईपर्यंत थांबावयाचे, आणि मग त्या गृहस्थाचा दहा अंकी क्रमांक दाबावयाचा! परमुलखाची सारी माहिती त्या काळी माणसांच्या डोक्यात व डायरीत होती.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यास लहरींच्या नव्या पट्ट्या खुल्या झाल्या, एकेका शहरात दोहोंच्या ठिकाणी पाच-सहा कंपन्या उभ्या राहिल्या, आणि ही व्यवस्था कोलमडली. सगळ्या पट्ट्या चाचपीत बसल्यास यंत्राची बॅटरी शोधातच खर्ची पडे, आणि जे केंद्र प्रथम सापडेल ते कंपनीच्या खिशाला परवडेलच असेही नसे. यातून सीडीएमए पद्धतीच्या यंत्रांत पीआरएल या नावाने ओळखली जाणारी यादी आली. तिचे दोन भाग असत: पहिल्यात कोणत्या लहरी कोणत्या क्रमाने धुंडाळाव्यात हे, आणि दुसऱ्यात कोणती व्यवस्था ग्राह्य, कोणती निषिद्ध, कोणती अधिक पसंतीची हे प्रदेशवार गोवून ठेवलेले, ज्यायोगे एखाद्या प्रदेशातील एक केंद्र ओळखीचे निघताच यंत्राने उरलेला शोध त्याच प्रदेशापुरता मर्यादित करावा. पडद्यावर रोमिंगची खूण दाखवावी की नाही, हेसुद्धा त्या यादीतच लिहिलेले असे.

ही यादी ताजी करण्यासाठी व्हेरायझन या अमेरिकन कंपनीचा ग्राहक फुलीसह 228 दाबी, ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितल्याप्रमाणे दोनचा अंक निवडी, आणि थोड्याच वेळात नवी यादी हवेतून उतरून जुनीच्या जागी बसे. यादीचा अनुक्रमांक यंत्रात पाहता येत असल्यामुळे हौशी मंडळींत तो एक चर्चेचा विषयच होऊन बसला होता. नवी यादी म्हणजे चांगली यादी, असा भाबडा समज त्यामागे असे. वस्तुतः शेजारच्या कंपनीशी असलेला करार संपला की नव्या यादीतून तिची केंद्रे वगळली जात, आणि ग्राहक स्वतःच्याच हाताने आपली रेंज कमी करून घेई. व्हेरायझनची ही जुनी सीडीएमए सेवा 2022 च्या अखेरीस बंद झाली.

युरोपने निराळा मार्ग धरला. 1 जुलै 1991 रोजी फिनलंडमध्ये माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी जीएसएम पद्धतीचा पहिला फोन केला, त्याच वर्षी म्युनिकच्या गीझेके अँड डेव्रिएंट या कारखान्याने फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीस पहिली सिम कार्डे पुरवली, आणि यादी यंत्रातून निघून कार्डात गेली. यंत्र प्रथम शेवटी जेथे रुजू होते तेथे प्रयत्न करी, मग स्वगृही, मग कार्डातील पसंतीच्या क्रमाने. ज्या केंद्राने स्पष्ट नकार दिला त्याचे नाव निषिद्धांच्या कोष्टकात जाई. या कोष्टकात मुळात चारच घरे होती, त्यामुळे पाचवा नकार आला की सर्वांत जुना आपोआप गळून पडे. शासनव्यवहारात अपराधांची अशी सोयीस्कर विस्मृती क्वचितच आढळते.

आपल्याकडे 1994 मध्ये चार महानगरांत प्रत्येकी दोन कंपन्यांना सनदा मिळाल्या आणि पुढे उरलेला देश परिमंडळांत विभागला गेला. मुंबईचे परिमंडळ नवी मुंबई व कल्याणपर्यंत. त्यापलीकडील महाराष्ट्र गोव्यासह निराळा. हिंदुस्थानास 404 व 405 हे देशांक मिळाले, आणि त्यापुढील अंक कंपनीपरत्वेच नव्हे तर परिमंडळपरत्वेही बदलत: मुंबईत हचिसनचा 404-20, महाराष्ट्रात आयडियाचा 404-22. पुण्याकडे निघालेल्या गाडीतील मुंबईकराचा फोन कल्याण मागे पडल्यावर घराचा अंक हरवून बसे आणि घाटातल्या बोगद्यांतून बाहेर येईतो नव्या मुलखात रुजू झालेला असे. राज्य तेच, भाषा तीच, पण कार्डाच्या लेखी सरहद्द ओलांडली गेली.

इंटरनेट आल्यावर आणखी एक नोंद आवश्यक झाली: कंपनीच्या ज्या द्वारातून यंत्राने इंटरनेटवर जावयाचे, त्या द्वाराचे नाव. आपल्याकडे हँडसेट बहुधा खुल्या बाजारातून घेतला जाई, त्यामुळे कंपनीला त्यात काही आगाऊ भरून ठेवता येत नसे, आणि ‘सेटिंग मागवणे’ हा 2005 च्या सुमाराचा एक सार्वत्रिक विधी झाला. नोकिया आणि एरिक्सन यांनी मिळून ठरवलेल्या नमुन्याचा तो विशेष मेसेज यावा, ग्राहकाने तो जतन करावा. न आल्यास मोबाईलच्या दुकानातील मुलाने ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ किंवा ‘बीएसएनएलनेट’ ही अक्षरे हाताने भरावीत. एअरटेलची दोन द्वारे होती, एक कंपनीच्या स्वतःच्या दालनाचे व दुसरे खुल्या इंटरनेटचे, आणि कोणते द्वार लिहिले आहे यावर महिन्याचे बिल ठरे. आज ही कोष्टके अँड्रॉइड व आयफोन यांच्यासोबतच येतात, आणि तो विधी लोप पावला आहे.

सिम कार्डातील पसंतीची यादी मात्र कंपनी आजही पडद्यावर न उमटणाऱ्या संदेशाद्वारे बदलू शकते, आणि परदेशी गेलेल्या ग्राहकास जेथे तिला स्वस्त पडते तेथे वळवू शकते. या वळवण्याचा पत्ता ग्राहकास लागत नाही. 2016 मध्ये ग्राहकोपयोगी ई-सिमचे मानक आले आणि 2022 पासून अमेरिकेत विकला जाणारा आयफोन कार्डाच्या खाचेविनाच येऊ लागला. म्हणजे कार्ड काढून दुसरे घालण्याची जी मोकळीक हातात होती, तीही आता कंपनीच्या संमतीवर आली. सेटिंगच्या तळाशी स्वयंचलित निवड बंद करण्याचा एक पर्याय तेवढा शिल्लक आहे. तो वापरला असता भोवतालच्या सर्व केंद्रांची नावे दिसतात, निषिद्धांचीही. त्यांपैकी एखादे हाताने निवडले आणि त्या केंद्राने यंत्रास रुजू करून घेतले, तर निषिद्धांच्या कोष्टकातून त्याचे नाव खोडले जाते.