हिरव्या कार्डाची मुदत

'ग्रीन कार्ड' हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत अमेरिकेमुळे रुळला आणि त्याचा अर्थ एकच होता: कायमचा मुक्काम. जर्मनीने २००० साली तो शब्द उसना घेतला, अर्थ मात्र घेतला नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत हॅनोव्हरच्या सेबिट संगणक-प्रदर्शनात चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी परदेशी संगणकतज्ज्ञांसाठी अशा कार्डाची घोषणा केली. १ ऑगस्टपासून ते लागू झाले. पदवी किंवा वर्षाला एक लाख मार्क पगार, एकूण मर्यादा २० हजारांची आणि वास्तव्य जास्तीत जास्त पाच वर्षांचे. जोडीदाराला नोकरीसाठी काही काळ थांबावे लागे. सरकारी नियमावलीच्या लांबलचक शीर्षकात 'ग्रीन कार्ड' हे शब्द नव्हतेच.

मुदतीचा हा आग्रह जुना आहे. १९५५ साली इटलीशी व १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून पश्चिम जर्मनीने कामगार आणले आणि त्यांच्यासाठी 'गास्टआरबायटर', म्हणजे 'पाहुणा कामगार', हा शब्द रूढ झाला. पाहुणा म्हटले की त्याचे परत जाणे गृहीतच असते. (आपणही 'कधी आलात?' विचारताना 'कधी निघणार?' हे मनात ठेवतोच.) तुर्की कामगारांना आरंभी दोनच वर्षांची मुभा होती. पण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवायचा आणि नवा शिकवायचा, हे कारखानदारांना परवडेना. १९६४ साली ती अट गेली. १९७३ साली भरतीच बंद झाली. आत असलेल्यांपैकी पुष्कळांनी परतण्याऐवजी बायकामुले बोलावून घेतली. २००० सालचे कार्ड कायद्याच्या दृष्टीने या भरतीबंदीला काढलेला अपवाद होता. भीतीही तीच होती: पाहुणा राहून जाईल.

ती भीती यमकातही उतरली. नॉर्थ राइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत ख्रिस्ती लोकशाहीवादी नेते युर्गेन रुटगर्स यांच्या प्रचारातून 'किंडर श्टाट इंडर' ही घोषणा गाजली. अर्थ: भारतीयांऐवजी मुले. 'किंडर'मधला पहिला वर्ण पुसला की 'इंडर' उरतो. इतके सोपे यमक सापडले नसते, तर तो वाद तेवढा पेटला असता का, अशी शंका येते. मे २००० मध्ये रुटगर्स हरले, पण घोषणा राहिली. पुढे २००५ साली ते त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले.

कार्ड घेणाऱ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा होता. तरी २० हजारांचा आकडा २००४ अखेर योजना संपेपर्यंत गाठला गेला नाही. मधल्या काळात संगणकक्षेत्रातली तेजी ओसरली, हे एक कारण खरेच. पण ज्या तरुणासमोर अमेरिकेचा पर्याय होता, त्याने पाच वर्षांच्या पाहुणचारासाठी घर का हलवावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. या कार्डासाठी जर्मन भाषेची अट नव्हती. वरवर पाहता हे औदार्य. पण जो जाणारच आहे, त्याने भाषा कशाला शिकावी, असाही त्याचा अर्थ निघतो. १ जानेवारी २००५ पासूनच्या स्थलांतर कायद्याने उच्चशिक्षितांना थेट कायम वास्तव्य देऊ केले, मात्र पगाराची अट इतकी चढी ठेवली की फार थोड्यांना ते मिळाले. युरोपीय संघाचे 'ब्लू कार्ड' जर्मनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी आले, तेव्हा भाषेला प्रथमच मोल मिळाले: कायम वास्तव्यासाठी तेव्हा ३३ महिने काम करावे लागे, आणि मध्यम पातळीचे जर्मन येत असले तर २१.