खात्याचा ऐरण आणि आयटीआयचा होल्डर

गोटमारीवर, संत्र्यावर आणि जामसांवलीच्या निजलेल्या हनुमानजींवर आपल्या भागातले लोक भरपूर लिहितात. मी आज लोखंडावर लिहितो. आमचं घर खात्याचं. शनिवारी मंदिराकडे जाणाऱ्या बंड्या आमच्या दारावरून जायच्या आणि त्यातली एखादी तरी हमखास थांबायची, धाव ढिली झाली म्हणून.

नव्या पोरांना धाव म्हणजे काय हे सांगावं लागेल. बंडीच्या लाकडी चाकावर चढवायचं लोखंडी कडं. लोखंडी पट्टी वाकवून तिची दोन टोकं भट्टीत पांढरी होईस्तोवर तापवायची, वर टाकणखार भुरभुरायचा आणि ऐरणीवर घण घालून ती एकमेकांत मिसळवायची. मग ते कडं गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर बसवायचं आणि पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की चाक करकचून आवळलं जायचं. म्हणजे वेल्डिंग आपल्या गावात वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं. फक्त आम्ही त्याला सांधा म्हणत होतो, आणि त्याचे पैसे नाही, बलुतं मिळायचं.

आता थोडा कागदावरचा इतिहास. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, 1945 मध्ये, सैन्यातून सुटणाऱ्या लोकांना कामाला लावण्यासाठी केंद्र सरकारने एक खातं उघडलं. फाळणीनंतर त्याच खात्याकडे निर्वासितांना हुन्नर शिकवायचं काम आलं. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तीच पुढे आपली आयटीआय. तेव्हा सौंसर-पांढुर्ण्याची राजधानी नागपूर होती! 1956 मध्ये या संस्थांचा कारभार राज्यांकडे सोपवला, आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण भोपाळकडे. साठ-सत्तर किलोमीटरवरचं नागपूर शिक्षणापुरतं परकं झालं. माझे मोठे काका म्हणायचे, "आपण हाललो नाई, राजधानीच हालली." हसून म्हणायचे, पण दाखल्यांसाठी त्यांनी जेवढ्या चकरा मारल्या तेवढ्या कुणी मारल्या नसतील.

म्हणून मी 1986 मध्ये छिंदवाड्याला गेलो. सौंसरहून छोट्या लाइनची गाडी, ती 2015 पर्यंत चालली. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा. घरात मराठी, वर्गात हिंदी, आणि लोखंडाची नावं तेवढी इंग्रजी. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी ठिणग्या उडवायला मिळतील. मिळाली कानस! कितीतरी दिवस पट्टी घासा, काटकोन पाहा, पुन्हा घासा. हात भरून यायचे. नंतर कळलं, की दोन कडा नीट बसल्या नाहीत तर रॉड काहीही चमत्कार करत नाही.

मग आर्क. सव्वातीन मिलिमीटरचा रॉड, शंभर-सव्वाशे अँपिअर करंट. रॉडचं टोक पत्र्यापासून त्याच्या जाडीइतकंच दूर ठेवायचं. जवळ गेलं की चिकटतं, लांब गेलं की थुंकल्यासारखे शिंतोडे उडतात. रॉड ओला असला तर जोडात बुडबुडे राहतात. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, ॲसिटिलिनचा तपकिरी लाल, आणि ॲसिटिलिनचे आटे उलटे, म्हणजे चुकूनही अदलाबदल होऊ नये.

एकदा शहाणपणा करून मी काच न धरता दोन-चार टाके मारले. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री डोळ्यांत जणू मूठभर वाळू कोणी ओतली. खोलीतल्या पोरांनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, मी सकाळपर्यंत रडलो.

दिवाळीला मी माझा पहिला चांगला जोड पिशवीत घालून घरी आणला. वरून अगदी माशाच्या खवल्यांसारखा. बाबांनी हातात घेतला, उलटसुलट पाहिला, ऐरणीवर उभा ठेवला आणि घणाचा एकच दणका दिला. दोन तुकडे. आत काळी मळी दबून राहिलेली.

"वरतून चांगलं दिसते, अंदर खाली हाये," बाबा म्हणाले आणि भात्याकडे वळले.

मला खूप राग आला. भाऊबीजेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. सुट्टी संपल्यावर मास्तरांनी वर्गात हेच केलं: जोड शिकंज्यात धरायचा, हातोड्याने तोडायचा आणि आतलं पोट पाहायचं. त्याला परीक्षा म्हणतात. बाबांनी तीच घेतली होती, फक्त प्रमाणपत्र न देता.

पुढे मी औष्णिक वीज केंद्रांच्या कामांवर गेलो. बॉयलरच्या नळ्या जोडायच्या तर 1950 च्या बॉयलर नियमांप्रमाणे वेल्डरची वेगळी चाचणी लागते. पाइप पंचेचाळीस अंशांत घट्ट बांधलेला, हलवायचा नाही, आपणच भोवती फिरायचं. पहिल्या वेळी मी नापास झालो. एका ठेकेदाराने ते नाव लावून दोन महिने हेल्परच्या मजुरीवर राबवलं. दुसऱ्या वेळी एक्सरेत जोड स्वच्छ निघाला. तेव्हा बाबा नव्हते.

आता आपला पांढुर्णा जिल्हा झाला, 2023 मध्ये. घरातला ऐरण मागच्या ओसरीत आहे, त्यावर वहिनी कुंडी ठेवतात. यंदा भावाच्या मुलीने वेल्डरचा ट्रेड घ्यायचं म्हटलं आणि घरात बैठक बसली. तोंडावर डाग पडला तर? स्थळ कोण देईल? माझं मत विचारलं. मी म्हटलं, बोरगावच्या कारखान्यांकडे पाहून ठरवू नका, तिचा हात पाहून ठरवा. कुंडी बाजूला केली, तिच्या हातात कानस आणि एक पट्टी दिली.

चार दिवस झाले, घासतेच आहे. काल विचारत होती, "काका, काटकोन बरोबर आहे का पाहता का?" थोडा उजवीकडे झुकलाय. सांगितलं, पुन्हा घास.