खारी हवा, आंबट रस आणि जुनी शर्यतगाडी : रत्नागिरीतील धातू राखण्याच्या रीतीचा मागोवा

रत्नागिरी हे समुद्राकाठचे शहर असल्यामुळे तेथील धातूच्या प्रत्येक वस्तूचे आयुष्य खाऱ्या हवेवर अवलंबून राहिले आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे सूक्ष्म कण हवेतील ओलावा ओढून घेतात आणि त्या ओलाव्यात विरघळून विजेचे वहन करणारा पातळ थर तयार करतात. त्यामुळे लोखंड लवकर गंजते, पितळ काळवंडते आणि तांब्यावर जंगाल, म्हणजे विषारी हिरवट लेप, चढतो. धातू घासणे, उजळणे आणि कोरडा ठेवणे हे काम म्हणूनच कोकणात केवळ सणासुदीपुरते राहिले नाही, तर घरच्या रोजच्या राबत्याचा भाग झाले.

या कामासाठी लागणारी सामग्री परसातच मिळत असे. चिंच, आमसूल, लिंबू आणि बिंबली यांच्या रसातील आम्ल तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळवते, चुलीतली राख घासण्यासाठी उपयोगी पडते आणि रिठ्याचा फेस तेलकटपणा काढतो. समया, घंगाळी, देव्हाऱ्यातील ताम्हने आणि शिमग्यात पालखीत बसवली जाणारी ग्रामदेवतेची रूपे, म्हणजे देवतेचे धातूचे मुखवटे, यांची झळाळी पिढ्यान्‌पिढ्या अशाच जपणुकीतून टिकली. याच घरांना आम्लाची दुसरी बाजूही पुरती ठाऊक होती. आमसुलाचे सार किंवा चिंचेची आमटी कथलाचा लेप नसलेल्या पितळी भांड्यात राहिली की कळकते, म्हणजे धातूचा अंश उतरून अन्न बेचव आणि अपायकारक होते. म्हणून आंबट खाणाऱ्या या प्रदेशात कल्हईवाल्याची गरज विशेष होती. भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर भांडे तापवून, त्यात नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने क्षणात सर्वत्र फिरवायचे, ही कल्हईची पद्धत होय. जो रस भांडे उजळतो तोच फार वेळ राहिला तर भांडे खातो, हे ज्ञान त्या काळी पुस्तकात नसले तरी हातात होते. पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली, कल्हईवाल्याची हाक दुर्मीळ झाली आणि त्याबरोबर हे ज्ञानही मागे पडू लागले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगात ज्या नव्या वस्तू जन्माला आल्या, त्यांतील एकीला आज नेमक्या याच ज्ञानाची गरज आहे. ती वस्तू म्हणजे रेडिओ-नियंत्रित शर्यतगाडी, अर्थात हातातील प्रक्षेपकाच्या लहरींवर वळणारी आणि वेग बदलणारी छोटी मोटार. दूरनियंत्रणाचे मूळ निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखवलेल्या छोट्या नौकेत सापडते. मोटारींमध्ये मात्र हे तंत्र इटलीतील एल्जी या कंपनीने १९६६ च्या सुमारास व्यापारी स्वरूपात आणले. जपानमधील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ची एक-द्वादशांश आकाराची गाडी विकायला काढली, तेव्हा हा छंद सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीची आरसी-१० ही गाडी १९८४ मध्ये आली. तिचा सांगाडा सोनेरी रंग दिलेल्या ॲल्युमिनियमचा होता आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झालेल्या खडबडीत मार्गावरच्या जागतिक स्पर्धेत तिने दोन चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांच्या गटात विजेतेपद मिळवले. १९९१ पूर्वी भारतात आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे अशी परदेशी खेळणी बाजारात क्वचितच मिळत, आणि परदेशातून परतणाऱ्या माणसाच्या सामानातून ती घरी येणे हाच बहुधा मार्ग असे.

अशी गाडी खाऱ्या हवेत काही दशके माळ्यावर पडून राहिली की तिचे भाग वेगवेगळ्या रीतीने बिघडतात, आणि पुनरुद्धाराचे, म्हणजे मूळ रूप राखून वस्तू पुन्हा चालती करण्याचे, खरे कौशल्य हा फरक ओळखण्यात असते. प्रक्षेपकाच्या सेलच्या खोबणीत पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरा-निळसर खर जमलेला दिसतो. सेल अल्कलाइन असतील तर ती पोटॅशियम हायड्रॉक्साइड या दाहक क्षाराची गळती असते, आणि लिंबाचा रस किंवा शिरका काडीला गुंडाळलेल्या कापसाने लावला की खर फसफसून सुटतो. जुन्या जस्त-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असल्यामुळे तेथे खाण्याच्या सोड्याचे पाणीच चालते. दोन्ही प्रसंगी पट्टी शुद्ध पाण्याच्या बोळ्याने पुसून लगेच वाळवावी लागते, कारण राहिलेले आम्ल किंवा मीठ पुढचा गंज सुरू करते.

सांगाड्याच्या बाबतीत स्वयंपाकघरातील सवय थेट उपयोगी पडत नाही. ॲल्युमिनियमवर स्वतःचाच एक पातळ संरक्षक थर असतो आणि विजेच्या साहाय्याने तो जाड करून रंगवण्याच्या क्रियेस ॲनोडायझिंग म्हणतात. राख किंवा धुण्याचा सोडा यांतील क्षार हा थर विरघळवतात, त्यामुळे पितळ उजळणारी राख आरसी-१० चा सोनेरी रंग कायमचा घालवू शकते. येथे रिठ्याचे सौम्य पाणी आणि मऊ ब्रश एवढेच पुरेसे असते. जेथे पोलादी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसलेला असतो, तेथे दोन धातूंमध्ये खाऱ्या ओलाव्यामुळे विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी स्क्रूला जखडून टाकते. असा स्क्रू जोर लावून फिरवला तर आटे जातात, म्हणून पातळ तेल सोडून थांबावे आणि हलकी उष्णता देऊन तो सोडवावा. काही गाड्यांतील कांस्याच्या सच्छिद्र बुशांमध्ये, म्हणजे ज्यांत आस फिरतो त्या कड्यांमध्ये, कारखान्यातच तेल भरलेले असते. ती पेट्रोलमध्ये बुडवून धुतली तर आतील तेल निघून जाते, आणि पुन्हा तेलात मुरवल्याखेरीज ती बसवू नयेत.

गेल्या काही वर्षांत मूळ कंपन्यांनीच जुन्या गाड्या नव्याने काढल्या असून, तामियाची सँड स्कॉर्चर २०१० मध्ये आणि आरसी-१० २०१३ मध्ये पुन्हा आली. त्यामुळे सुटे भाग मिळणे सोपे झाले, पण मूळ भाग फेकून देण्याचा मोहही वाढला. वापरातून झिजलेला सांगाडा आणि हाताने लावलेली जुनी चिकटचित्रे हा त्या वस्तूचा इतिहास असतो, आणि तो घासून काढला की परत मिळत नाही. देवाची रूपे उजळताना नाकडोळे झिजू न देणारा हात हाच विवेक पाळत आला आहे.

कोकणातील घरांत माळ्यावर अशी एखादी गाडी असेल, तर तिच्या मालकाने पावसाळ्यापूर्वी प्रक्षेपकातील सेल काढून ठेवावेत, प्रत्येक भाग सोडवण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे, धातू ओळखल्याखेरीज त्याला आम्ल किंवा क्षार लावू नये, आणि घरातील ज्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर तांबे-पितळ राखले त्यांना या कामाबद्दल एकदा अवश्य विचारावे.