दाराशी आलेली बाई

आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात एक घर पुष्कळ वर्षे बंद होते. त्या घराचा विषय निघाला की माझी आजी वाळत घातलेले बोंबील परतायचे निमित्त काढून उठून जायची. पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागले, तेव्हा एका पावसाळ्यात, होड्या वर ओढून शाकारल्या असताना, तिने ती हकीकत एकदाची सांगितली. गोष्ट १९६० च्या आसपासची. त्या घरातल्या बाईचा नवरा दर्यावर गेला तो परतला नाही. पदरात चार मुले. ती पाटी घेऊन बाजारात बसायची. दोनएक वर्षांनी तिला दिवस गेले. कोणापासून, ते आजीने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. कुठल्याशा सुईणीने चित्रकाची काडी वापरली. तिसऱ्या दिवशी बाई तापाने फणफणली. आजीने आणि शेजारच्या एका ख्रिस्ती मावशीने तिला हातगाडीवर घालून इस्पितळात नेले. तिथवर पोहोचली, पण वाचली नाही. पोलीस चौकशीला आले तेव्हा दोघींनी एकच जबानी दिली, "ओट्यावरशी परली."

आजीच्या लेखी गर्भ पाडणे हे पाप होते आणि मावशीच्या लेखी तर महापाप. तरीही पुढे १९७२ साली गर्भपाताचा कायदा लागू झाला तेव्हा आजी म्हणाली, बरे झाले. मावशी म्हणाली, वाईट झाले. यावरून दोघींची अधूनमधून खडाजंगी होई, आणि ती मावशी जाईपर्यंत मिटली नाही. मात्र हातगाडीवरच्या त्या बाईबद्दल, तिला नेले ते योग्य की अयोग्य, पोलिसांना खोटे सांगितले ते योग्य की अयोग्य, यावर त्यांच्यात कधी एका शब्दाचाही वाद झाला नाही.

अमेरिकेतल्या बातम्यांमुळे हा वाद आता आपल्या परिचयाचा झाला आहे. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली मान्य केलेला हक्क त्याच न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी काढून घेतला. मधली जवळजवळ पन्नास वर्षे दोन तट समोरासमोर उभे होते. आपल्याकडे असे काही झालेच नाही, कायदा आपोआप आला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण आपल्याकडेही वाद झाला, आणि तो या महाराष्ट्रातच शंभर वर्षे चालू होता.

त्याचे मूळ १८६० च्या भारतीय दंड संहितेत आहे. कलम ३१२ प्रमाणे गर्भपात करविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत कैद. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केला असेल तर तेवढा अपवाद. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही याच कलमात गुन्हेगार ठरते. ज्याच्यामुळे ही वेळ आली त्या पुरुषाचा मात्र कलमात उल्लेखही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत या कलमाचा आकडा ८८ झाला. आशय बव्हंशी तोच राहिला.

हा कायदा अमलात येऊन जेमतेम दीड वर्ष होते न होते तोच, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी जाहिरात भिंतींवर लावली. जोतीरावांनीच पुढे १८८४ साली लिहून ठेवले आहे की पस्तीस ब्राह्मण विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. आजच्या भाषेत जोतीराव कोणत्या पक्षाचे, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारला होता. मला उत्तर देता आले नाही. गर्भाची आणि अर्भकाची हत्या त्यांना घोर वाटत होती, हे तर संस्थेच्या नावातच आहे. पण त्यांनी शिक्षा वाढवा म्हटले नाही. पोट वाढलेल्या बाईला जायला जागा नाही हे ओळखून जागा करून दिली. तेथे जन्मलेला एक मुलगा या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांच्या सेवेला उभा राहिला. त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या.

हाच मार्ग प्रार्थना समाजाच्या मंडळींना पटला हे विशेष. त्यांचे नि जोतीरावांचे विचार सगळेच काही जुळत नव्हते. तरी १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात तसाच आश्रम निघाला. वारीच्या गावी विधवा का जमतात आणि त्यांतल्या काहींची काय गत होते, हे तेथे बडव्यांपासून मामलेदारापर्यंत कोणाला माहीत नव्हते?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, आपल्या अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल, फाशीची शिक्षा झाली. मुंबईला अपील होऊन फाशी टळली आणि काळे पाणी आले. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने बायकांच्या बिघडलेल्या चालीवर रकाने भरले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिले. खटला एका बाईवर चालला, आणि दुसऱ्या बाईने लेखणी घेऊन बाकीच्या गैरहजर आरोपींना हजर केले. मी दर वर्षी हा भाग वर्गात शिकवते. मुलगे खाली माना घालतात, आणि मुली त्यांच्याकडे पाहतात.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा वादाला नवे वळण लागले. त्यापायी त्यांनी प्राध्यापकी गमावली, 'समाजस्वास्थ्य' चालवताना खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. गर्भ राहूच न देणे हा गर्भ पाडण्यावरचा उपाय आहे, हे म्हणणे गर्भपाताच्या विरोधकांना खरे तर गोड लागायला हवे होते. पण तसे झाले नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. दोघांनाही बाईची बाळंतपणांतून सुटका हवी होती. सँगरबाई साधनांचा आग्रह धरत होत्या, गांधीजी संयमाचा. शेवटी साधनांपेक्षा ऋतुकाळ पाहून राहणे आपल्याला कमी खटकते, एवढे गांधीजींनी मान्य केले. सँगरबाईंना हे फारच तोकडे वाटले. मला मात्र वाटते, दोन हट्टी माणसे इतकी तरी सरकली हे त्या काळी थोडे नव्हते.

आता १९६४ कडे येऊ. त्या वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने गर्भपाताच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. आणि डिसेंबरात याच मुंबईत जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषद भरून खुद्द पोप सहावे पॉल आले. त्यांच्या दर्शनाला गेलेल्या गर्दीत आमची मावशीही होती. समितीचा अहवाल १९६६ च्या डिसेंबरअखेर आला. देशात दर वर्षी सुमारे ३९ लाख गर्भपात करवले जात असावेत, असा तिचा अंदाज होता. त्यांतले बहुतेक लपूनछपून, सुईणी-वैदूंच्या हातून. आमच्या बंद घरातली बाई त्याच हिशेबातली.

शाह समितीने केलेली गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. गर्भाला जीव केव्हा येतो, या प्रश्नाचा निकाल लावण्याच्या भरीस ती पडली नाही. स्त्रीचा तो जन्मसिद्ध हक्क आहे, असेही म्हणाली नाही. लोकसंख्या घटवण्यासाठी गर्भपात मोकळा करा म्हणणाऱ्यांना, त्या हेतूने केलेला कायदा उलटा पडेल, असे तिने बजावले. तिने एवढेच विचारले की बायका मरतात त्या थांबवायच्या की नाहीत. या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस सनातन्यांतही निघाला नसता. विधेयक १९६९ च्या नोव्हेंबरात राज्यसभेत आले, १० ऑगस्ट १९७१ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि १ एप्रिल १९७२ पासून कायदा अमलात आला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, वीसपर्यंत दोघांचे. सज्ञान स्त्रीला स्वतःची संमती पुरे, नवऱ्याची सही नको. हे शेवटचे कलम आजही निम्म्या दवाखान्यांच्या गावी नसते, ते सोडा.

पण सर्वांना पटेल एवढीच जागा शोधायची म्हटले की कोणीतरी बाहेर राहतेच. साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेल्या गर्भाची सवलत कायद्याने दिली ती विवाहित स्त्रीला आणि तिच्या पतीला. विधवा, कुमारिका, टाकलेली बाई, जिच्यावरून हा सारा इतिहास सुरू झाला तीच, या वाक्यातून गळली. डॉक्टर मनाचा मोठा असला तर 'मानसिक आरोग्यास धोका' लिहून वाट काढी. नसला तर ती पुन्हा काडीकडे जाई. ही चूक दुरुस्त व्हायला २०२१ साल उजाडले. तेव्हा 'विवाहित' आणि 'पती' हे शब्द जाऊन 'कोणतीही स्त्री' आणि 'जोडीदार' आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ आहे, असा निवाडा दिला. अमेरिकेतला निकाल लागून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

मधल्या काळात मुंबईत एक निराळाच पेच उभा राहिला. ऐंशीच्या दशकात गर्भजल तपासून मुलगा की मुलगी सांगण्याचा धंदा बोकाळला. आज पाचशे रुपये खर्चा, पुढे हुंड्याचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती आमच्या उपनगरी गाड्यांच्या डब्यांत चिकटलेल्या असत. १९८६ साली मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, त्यांतले बेचाळीस ही तपासणी करीत होते. १९८५ साली येथे याविरुद्ध मंच स्थापन झाला. त्यात होत्या त्या बहुतेक गर्भपाताच्या हक्काचा पुरस्कार करणाऱ्या बायका. त्यांना गर्भपातच वाईट मानणाऱ्यांचाही पाठिंबा मिळू लागला, आणि पंचाईत झाली. मुलीचा गर्भ पाडू नका म्हणावे, तर गर्भ पाडणेच वाईट असे लोक समजणार. 'भ्रूणहत्या' हा शब्दच मग त्यांतल्या काहींनी टाकला आणि 'लिंगनिवड' म्हणू लागल्या. शास्त्रांत भ्रूणहत्येला ब्रह्महत्येच्या पंक्तीला बसवले आहे. तो शब्द वापरला की दोष आईच्या कपाळी येतो. बंदी तपासणीवर घाला, गर्भपातावर नको, हे त्यांचे सूत्र १९८८ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात उतरले. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. १९९४ च्या केंद्रीय कायद्यात तर असे गृहीतच धरले आहे की बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असावे. नाही हे दुसऱ्याने सिद्ध करावे. १८६० चे कलम ३१२ आणि हे कलम शेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे मधल्या वर्षांत काय घडले ते दिसते.

यश आले असे मात्र म्हणवत नाही. २००१ साली महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. मग धाडी पडू लागल्या, औषधविक्रेते कायदेशीर गोळ्याही ठेवीनासे झाले, आणि तपासणीवरच्या बंदीचा फटका गर्भपाताला येणाऱ्या बाईला बसला. ज्याची भीती त्या बायकांना होती ते असे मागच्या दाराने आले.

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी माझ्या दाराशी आली. ओळख पटेल असे काही मी येथे लिहीत नाही, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे. लग्न झालेले नव्हते. आम्ही एका इस्पितळात गेलो. टेबलावरच्या कारकुनाने मान वर न करता नवऱ्याचे नाव विचारले, मग त्याची सही मागितली. कायदा सांगायला मी तोंड उघडले, तर तो म्हणाला, बाई, मोठ्या डॉक्टरांना विचारा.

तेथे परिचारिका म्हणून त्या मावशीची नात होती. ती रविवार न चुकवता देवळात जाणारी, गळ्यात क्रूस. आम्हाला पाहून ती बाजूला आली. "टीचर, मी त्या खोलीत उभी राहत नाही, तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. मी म्हटले, ठाऊक आहे. ती कारकुनाकडे गेली, वाकून काहीतरी बोलली, आणि तो नवऱ्याच्या सहीचा कागद त्याच्या समोरून उचलून तिने खणात टाकला. संध्याकाळी मुलगी शुद्धीवर आली तेव्हा तिच्या उशाशी चहा आणि पावाचे दोन तुकडे झाकून ठेवलेले होते. आणि ड्यूटी संपलेली ती पोर रिक्षा आणायला गेली होती.