कलम ३९ची कुळकथा

साडेसतरा वर्षांचा मुलगा अग्निवीर म्हणून भरती होऊ शकतो. त्याच मुलाला महाराष्ट्रात बिअरसाठी २१, तर रमसाठी २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. नोकरी चार वर्षांची असल्यामुळे अनेकांचा गणवेश पंचविशीच्या आतच उतरतो. आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री या दोन्ही दलांची केंद्रं असलेल्या अहिल्यानगरात देशभरातून अशी पोरं येतात. लष्करी मेसमधल्या त्यांच्या पेल्याचा कायदा मात्र त्यांच्या वयावरून घडलेला नाही.

१८०३च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला इंग्रजी छावणी वसली. गोऱ्या शिपायाची बाजारातली दारू ही तेव्हा साहेबांची मोठी डोकेदुखी होती. त्यामुळे छावण्यांच्या कायद्यांचा रोख विकणाऱ्यावर राहिला. १९२४च्या कायद्यातही कमांडिंग ऑफिसरच्या लेखी परवानगीशिवाय शिपायाला दारू पुरवणं गुन्हा होता.

स्वातंत्र्यानंतर पारडं फिरलं. १९४९मध्ये मुंबई प्रांताने दारूबंदी कायदा केला आणि नागरिकाचा पेला काढून घेतला. त्याच कायद्याच्या ३९व्या कलमाने मात्र युद्धनौका, सैन्यवाहू जहाजं आणि लष्करी व नाविक मेस-कॅन्टीन इथे विदेशी मद्याला मुभा देण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. कलमात जागा मोजल्या आहेत, वय नाही.

एफ. एन. बलसारा या मुंबईकराने कायद्यालाच आव्हान दिलं. समतेचा हक्क सगळ्यांना असताना फौजेलाच सवलत का, हा त्यातला एक प्रश्न. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत वैध ठरवली. सेनादलांची परंपरा आणि राहणी वेगळी आहे, तिला स्वतःच्या नियमांची शिस्त आहे, म्हणून त्यांचा वेगळा वर्ग मानता येतो, असं त्यामागचं कारण.

राज्याच्या वयोमर्यादेचं तत्त्व याहून निराळं. ती माणसाला एकट्याने तोलते. त्याची तुकडी कोणती, साहेब कोण, हे दुकानदार विचारत नाही. सुट्टीवर निघालेल्या जवानाला तर राज्यागणिक नवा नियम भेटतो : गोव्यात १८, केरळात २३, गुजरातेत दारूबंदीच. अमेरिकेने १९८४मध्ये महामार्गांच्या निधीचा धाक घालून सगळ्या राज्यांना २१वर आणलं. तरी परदेशातल्या तळांवर यजमान देशाचा कायदा पाहून वय खाली आणण्याची मोकळीक कमांडरला आहेच.

इंग्रजांनी शिपायाला दारूपासून राखलं, दारूबंदीवाल्यांनी त्यालाच सूट दिली. दोघांनीही भिस्त एकाच गोष्टीवर ठेवली : शिपायाच्या वर जाब विचारणारा अधिकारी असतो. ३९व्या कलमाचं खरं कूळ हेच. त्यामुळे विशीतल्या जवानाच्या पिण्याचा प्रश्न निघाला, की मेसमधल्या कारभाराचा हिशेब आधी त्या अधिकाऱ्याकडे मागायला हवा.