२९ ऑगस्ट १९७० : रुबेन सालाझार यांचा मृत्यू

ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, मोर्चाचे वार्तांकन करून ‘सिल्व्हर डॉलर’ मद्यगृहात बसलेले ४२ वर्षांचे पत्रकार रुबेन सालाझार शेरीफच्या पोलिसाने दाराच्या पडद्यातून झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे डोक्याला लागून ठार झाले. मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस येथे जन्मलेल्या सालाझार यांनी त्याच वर्षी ‘केएमईएक्स’ या स्पॅनिश वाहिनीचे वृत्तसंचालकपद स्वीकारले, मात्र इंग्रजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधील साप्ताहिक स्तंभही चालू ठेवला, पोलिसी अत्याचारांची बातमी पीडितांच्या आणि सत्ताधाऱ्यांच्या अशा दोन्ही भाषांत पोहोचवण्याची ही सोय तेव्हा दुर्मीळच होती. या मृत्यूबद्दल कुणावरही खटला भरला गेला नाही, त्यामुळे तो अपघात होता की हेतुपुरस्सर हत्या, हा वाद मिटलेला नाही. मोर्चा जिथे उधळला गेला, त्या लगूना उद्यानाला मात्र आज सालाझार यांचेच नाव आहे.