किपर : एका शब्दाआड दडलेला सॅमन

ब्रिटिश न्याहारीतला 'किपर' म्हणजे चिरून, खारवून, धुरावर सुकवलेला हेरिंग मासा. जुन्या इंग्रजी कायद्यांत मात्र हा अर्थ घेऊन वाचू लागल्यास वाक्यच लागत नाही. तिथे किपर म्हणजे विणीच्या काळातला, किंवा वीण उरकून खंगलेला सॅमन. (आपल्या बाजारात 'इंडियन सॅमन' म्हणून विकला जाणारा रावस या कुळातला नव्हे.)

समुद्रातून नदीत चढलेला सॅमन जवळजवळ काहीच खात नाही. अंडी घालून होईतो अंगातली चरबी संपते, मांस बेचव होते. बरेच मासे मरतात. जगून समुद्राकडे परतणाऱ्या कृश माशाला 'केल्ट' असे आणखी एक नाव आहे.

किपरचे मूळ रूप 'क्युपेरा'. मासे हवे असतील तर जाळी डोंगरावर लावू नयेत, असे बोएथियस लॅटिनमध्ये सांगतो. तो नुसते 'मासे' म्हणतो; जुन्या इंग्रजी रूपांतरकाराने तिथे 'सॅमन किंवा क्युपेरा' घातले. नदीकाठच्या माणसाला एवढा फरक करावासा वाटणारच!

१३७६ साली इंग्लंडच्या संसदेपुढे मागणी आली : थेम्स नदीत ग्रेव्हसेंडपासून हेन्लीपर्यंत 'किपर-काळात', म्हणजे ३ मे ते ६ जानेवारी, सॅमन धरू नये. आठव्या हेन्रीच्या १५३३-३४च्या कायद्यानेही अवेळी धरलेल्या 'केपर' आणि 'शेडर' सॅमनवर बंदी घातली. पहिला नर, दुसरी मादी.

बंदी होती, तरी मासा खाल्ला जात होताच. ताजा रुचत नसल्याने तो खारवून धुरी देण्याची रीत पडली आणि माशाचे नाव त्या प्रक्रियेला चिकटले, असा सर्वसाधारण कयास आहे. एकोणिसाव्या शतकात ते हेरिंगकडे गेले.

हा मासा कुणाच्या ताटात जाई, याचे उत्तर वॉल्टर स्कॉटच्या 'गाय मॅनरिंग' (१८१५) या कादंबरीत सापडते. स्कॉटलंडच्या सीमाभागात रात्री मशालींच्या उजेडात भाल्यांनी सॅमन मारले जातात. उत्तम मासे मोठ्या शेतकऱ्यांना, उरलेले मेंढपाळांना आणि मजुरांना. झोपडीतल्या धुरावर सुकवलेले हे मासे म्हणजे बटाटा-कांद्यावर काढायच्या हिवाळ्यातले तोंडीलावणे.

१८६८च्या स्कॉटिश कायद्याने उजेड आणि भाला यांवर बंदी आणली. विणीचा मासा बाळगणे हाही गुन्हा ठरला. माशांच्या दृष्टीने बंदी रास्तच होती. पण तिची झळ बसली ती उरलेल्या माशांवर हिवाळा काढणाऱ्यांना.